आतलाच ब्रेक पॅड आधी का झिजला?

प्रश्न : पेडणे तालुक्यात समुद्रकिनाऱ्यालगत माझे घर आहे. आठवड्यातून तीन वेळा मी पिकअपने बेळगावहून भाजी भरून चोर्ला घाटमार्गे म्हापशाला आणतो. काही दिवसांपासून ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून कर्कश आवाज येतो. चाक काढून पाहिले, तेव्हा आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजलेला आढळला, बाहेरचा मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. हे पॅड गेल्या दिवाळीतच एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. या वेळी ते स्वतः बदलावेत असे वाटते. हे काम घरी जमण्यासारखे आहे का?

उत्तर : जमण्यासारखे आहे. मात्र पॅड बदलेपर्यंत भरलेली गाडी घाटातून उतरवू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आतल्या आणि बाहेरच्या पॅडमधील फरक ही आहे. दोन्ही पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या, आतल्या बाजूला असतो आणि तो आतला पॅड डिस्कवर थेट दाबतो. त्याच वेळी संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून घेतो. या पिना गंजून अडकल्या की बाहेरचा पॅड पुरेसा दाबला जात नाही, सगळा भार आतल्यावर येतो आणि पाय काढल्यानंतरही तो डिस्कला घासत राहतो. किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्याकडे हे वारंवार घडते. पिनांवरचे रबरी टोपण कुठे फाटले असेल, तर पाणी आत शिरून ग्रीस धुऊन नेते. गेल्या वेळी केवळ पॅड बदलले गेले आणि पिना तशाच राहिल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. याही वेळी तेवढेच केले, तर पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल.

काम सपाट जागेवर करावे. पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करावेत. अंगणातील माती पावसाने मऊ झाली असेल, तर जॅकखाली जाड फळी घालावी. गाडी उचलल्यावर चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नये. केवळ जॅकच्या भरवशावर काम करणे जिवावर बेतू शकते.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर उचलता येतो. पूर्ण काढावा लागला, तर तारेने बांधून ठेवावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. ब्रेकची धूळ फुंकू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, ती फुप्फुसांत जाते. ब्रेक क्लीनर फवारून पुसून घ्यावी.

आता खरे काम. दोन्ही पिना बाहेर काढून पॉलिश पेपरने स्वच्छ कराव्यात, खड्डे पडलेली पीन आणि फाटलेले टोपण बदलावे, आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस वापरू नये, कारण त्याने रबर फुगते आणि पीन पुन्हा अडकते. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात, तिथला गंजही तारेच्या ब्रशने काढावा. नवा पॅड हाताने सहज सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवू नये. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून पाहावी.

पिस्टन मागे ढकलण्यासाठी जुना पॅड त्यावर ठेवून सी क्लॅम्प सावकाश आवळावा. तेव्हा टाकीतील ब्रेक ऑइल वर चढते. मध्यंतरी कोणी ते भरून ठेवले असेल, तर सांडेल आणि रंग खराब करील, म्हणून थोडे सिरिंजने आधीच काढून घ्यावे. पिस्टन एकसारख्या दाबाने मागे जात नसेल, तर काम तिथेच थांबवून जाणकार मेकॅनिकला बोलवावे.

ब्रेक ऑइल शेवटचे केव्हा बदलले, हे आपण लिहिलेले नाही. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 दर्जाचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा 140 अंशांवर उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना ऑइल उकळले, तर त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जाते. दोन वर्षे झाली असतील, तर ते बदलून घ्यावे, आणि चोर्ला खालच्या गिअरमध्येच उतरावा.

पॅड डाव्या व उजव्या अशा दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. पहिल्या दाबाला ते तळापर्यंत जाते, हे विसरल्याने अंगणातच अपघात होतात. नंतर रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून वेग हळूहळू उतरवण्याचा क्रम, मध्ये थंड होण्यास वेळ देत, आठ-दहा वेळा करावा. महिन्याभराने चाक काढून दोन्ही पॅड पुन्हा पाहावेत. आतला तरीही वेगाने झिजत असेल, तर दोष पिनांत नसून पिस्टनमध्ये आहे आणि कॅलिपर खोलावाच लागेल.