सार्डिनियाचे शिंपले सार्डिनियातच राहू द्या

प्रश्न : नमस्कार, येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं इटलीला जाऊन राहिलो, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 13 चा. त्यातले चार दिवस सार्डिनिया बेटासाठी काढलेत. व्हिडिओत बघितलं की तिथे रबरी मोटरबोट लायसन्सशिवाय भाड्याने मिळते, मग आपणच चालवत समुद्रातल्या गुहांमध्ये शिरता येतं का? आणि लेकीला शिंपले जमवायचा फार नाद आहे, थोडे आणले तर चालतात ना? कोणी म्हणतं लई नियम आहेत, कोणी म्हणतं कोण बघते तिथे.
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी शिंपल्यांचं सांगतो. शिंपले नाही, वाळू नाही, गोटेसुद्धा नाही. 2017 पासून तिथे कायदाच आहे, 500 ते 3000 युरो दंड, आणि बघणारे आहेत बरं का, 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत बाटल्यांमध्ये भरलेली 40 किलो वाळू पकडली होती. शेजारच्या बुडेल्ली बेटावर एक गुलाबी किनारा आहे, एका बारीकशा समुद्री जिवाच्या लालसर कवचांचा चुरा वाळूत मिसळून तो रंग येतो, पण लोकांनी मूठमूठ करत ती वाळू इतकी नेली की 1990च्या दशकापासून तिथे पाय ठेवायलाच बंदी आहे, लांबूनच बघायचं. लेकीला हे नक्की सांगा, या वयात बरोबर कळतं. एक वही आणि रंग द्या सोबत, शिंपला बघून चित्र काढेल आणि शिंपला तिथेच ठेवेल.

आता बोट. 40 हॉर्सपॉवरपर्यंतच्या इंजिनाला लायसन्स लागत नाही हे खरं, पण माझं ऐकाल तर गुहेसाठी स्वतः बोट घेऊच नका. आपण अंबाझरी-फुटाळा तलावांचं पाणी बघत मोठे झालेलो, समुद्राची लाट अरुंद जागेत शिरली की पाणी एकदम वर चढतं आणि बोट दगडावर आपटते, हे काठावरून कळतच नाही. नांगराचा प्रश्न वेगळाच. तळाशी पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत असतं, खूप हळू वाढतं, एकदा नांगराने उपटलं की ती जागा वर्षानुवर्षं भरून येत नाही. पाण्यात गडद डाग दिसले की ते गवत समजायचं. याचीच सुकलेली तपकिरी पानं किनाऱ्यावर ढिगाने पडलेली असतात, लोक त्याला कचरा म्हणतात, पण त्याच ढिगामुळे वाळू वाहून जात नाही.

मी स्वतः पश्चिम किनाऱ्यावरच्या अल्गेरोला नेपच्यूनची गुहा बघायला गेलो होतो, कड्यावरून 654 पायऱ्या उतरून किंवा बोटीने जाता येतं, पण तोंड समुद्राला लागूनच असल्यामुळे लाटा वाढल्या की बंद. दोन दिवस स्वच्छ ऊन आणि तरी गुहा बंद, कारण वायव्येचा वारा सुटलेला! म्हणून तुमच्या चार दिवसांत दोन्ही किनारे कोंबू नका, पूर्वेला काला गोनोनेला मुक्काम करा, त्या वाऱ्यापासून तिथे बराच आडोसा मिळतो. तिथून बोटीने बुए मारिनो गुहा बघता येते, आत गाइडसोबतच जायचं. बुए मारिनो म्हणजे समुद्री बैल, हे मॉंक सील या समुद्री प्राण्याचं तिथलं नाव, माणसांच्या त्रासाने हे सील उघडे किनारे सोडून गुहांमध्ये पिल्लं द्यायला लागले आणि या गुहेत तर आता तेही राहिले नाहीत. भूमध्य समुद्रात कुठेही, कुठल्याही गुहेत सील दिसला तर आत जाऊ नका, गुपचूप मागे फिरा.

त्याच पूर्व किनाऱ्यावरची काला गोलोरित्झे ही छोटी खाडी बघायचीच असेल तर दिवसाला 250 च माणसं सोडतात, ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. ताडोब्याला मोजक्याच जिप्सी सोडतात तसंच हे, गेटचं बुकिंग आपण नाही का आधीच करून ठेवत? बोट तिथे काठाला लावू देत नाहीत, वरच्या पठारावरून चालत उतरायचं, आणि उतरणं सोपं वाटलं तरी परत चढताना ऊन चांगलंच जाणवतं, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी आणि पायात बूट, चपला नकोत. गुहेचं पहिल्याच दिवशी ठेवा, वारा आडवा आला तर पुढचे तीन दिवस हातात राहतात.