शिवलेली नस जागी व्हायला किती दिवस?

प्रश्न : वडील उद्यमनगरात पत्र्याचं काम करतात. दोन महिन्यांपूर्वी पत्रा लागून उजव्या मनगटातली नस (डॉक्टर ‘मीडियन नर्व्ह’ म्हणाले) पूर्ण तुटली. त्याच रात्री ती शिवली. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं अजून बधिरच आहेत. ऑपरेशन फसलं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दोन महिन्यांत बोटांच्या टोकांना जाणीव परतत नाहीच. नस म्हणजे हजारो अक्षतंतूंची जुडी. बोटाचा स्पर्श कळवणाऱ्या चेतापेशीचा मुख्य भाग असतो मानेच्या मणक्यालगत, आणि तिथून तिचा एकच अखंड धागा, म्हणजे अक्षतंतू, बोटापर्यंत येतो. तो मनगटात तुटला की मानेकडचा भाग जगतो, बोटाकडचा काही दिवसांत विरून जातो. सर्जन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवतात ते नसेचं आवरण. आतले धागे शिवता येत नाहीत. ते नव्याने वाढूनच यावे लागतात.

त्यांना वाट दाखवतात नसेतल्या श्वान (Schwann) पेशी. एरवी या पेशी धाग्याभोवती मायलिनचे, म्हणजे स्निग्ध आवरणाचे, वेढे घालतात, म्हणून संदेश सेकंदाला सुमारे ५० मीटर धावतो. धागा तुटला की त्या आपलं काम बदलतात. भक्षक पेशींना सोबत घेऊन जुन्या मायलिनचा कचरा उपसतात, रिकाम्या नळीत रांग धरतात आणि वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात. त्या रांगेला धरून धाग्याचं टोक दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतं.

आता हिशेब करा. पहिले तीन-चार आठवडे तयारीतच जातात. मनगटापासून बोटाचं टोक १८ सेंटिमीटर धरलं तर पुढे १८० दिवस, म्हणजे एकूण सात महिने. आज वडिलांचे धागे तळहातात तीनेक सेंटिमीटर आले असतील.

हे घरीही अजमावता येतं. बोटाच्या टोकापासून मनगटाकडे नसेच्या वाटेवर हलकेच टिचकी मारत या. जिथे बोटांत मुंग्यांची झणझण उठते, तिथवर धागे पोचलेत. ती जागा तारखेसह लिहून ठेवा. दर महिन्याला ती दोन-तीन सेंटिमीटर पुढे जायला हवी. दोन महिने एकाच जागी अडली, किंवा टाक्यांपाशी दुखरी गाठ लागली, तर सर्जनला दाखवाच. वाट पाहत बसू नका : अंगठ्याच्या बुडाचा स्नायू संदेशाविना वाळतो आणि वर्ष-दीड वर्षानंतर धागा पोचला तरी तो नीट कामाला लागत नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा आणि तंबाखू बंद करा. दोन्हींमुळे वाढ मंदावते.

तोवर बधिर हात जपा. भाकरीचा तवा, रश्श्याची वाटी, चहाचा पेला आधी डाव्या हाताने चाचपा. भाजलेलं त्यांना कळणार नाही. पुढे जाणीव आल्यावर एका बोटाला हात लावला की दुसऱ्यात कळतं, असंही होईल. काही धागे चुकीच्या नळीत शिरतात. डोळे मिटून वस्तू ओळखायचा सराव फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मेंदू नवा नकाशा जुळवून घेतो.

प्रश्न : मग मेरुरज्जूला इजा झाल्यावर असंच का होत नाही?
– एक वाचक, कागल

उत्तर : तिथे श्वान पेशी नसतात. मेंदूत आणि मेरुरज्जूत मायलिन घालतात ऑलिगोडेंड्रोसाइट. श्वान पेशी एकाच धाग्याच्या एकाच तुकड्याला वेढा घालते, ही एकटीच अनेक धाग्यांचे कितीतरी तुकडे सांभाळते. इजेनंतर मात्र ती वाट करून देत नाही. मायलिनचा कचरा फार काळ पडून राहतो, त्यातली काही प्रथिनं वाढ रोखतात, आणि तारकापेशी (ताऱ्याच्या आकाराच्या मदतनीस पेशी) जखमेभोवती व्रण उभा करतात. व्रणामुळे दाह पसरत नाही हे खरं, पण धाग्याची वाटही अडते.

प्रश्न : मेंदूत आधारपेशी (तारकापेशी, ऑलिगोडेंड्रोसाइट यांसारख्या) चेतापेशींच्या दहापट असतात, हे बरोबर आहे का?
– बारावीची विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : नाही. हा आकडा वर्षानुवर्षं पुस्तकांत फिरत राहिला. २००९ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी मोजणी केली तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी आढळल्या.