पावलं ऐकू येतात, पण कुठून?

वाचकांचे प्रश्न : शूटर गेममधला आवाज

मे महिन्याच्या सुट्ट्यांमुळे या वेळची पत्रं बहुतेक शाळा-कॉलेजच्या मुलांची आहेत. नवा हेडफोन कोणता घ्यावा, हे सगळ्यांनीच विचारलंय. आमचं मत असं की बहुतेकांच्या तक्रारी सेटिंगच्या आहेत. तेव्हा खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा.

शिरपूर : ‘व्हॅलोरंट’ खेळतो. सेव्हन पॉइंट वन लिहिलेला हेडसेट आहे, गेममध्ये एचआरटीएफही चालू केलंय. तरी शत्रू समोर आहे की मागे, कळतच नाही. आमच्याकडे म्हणतात तसं, ‘आवाज येस, पण कथाईन येस ते समजत नही.’

तुमच्याकडे एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होतेय, गोंधळ तिथेच आहे. एचआरटीएफ चालू असताना गेम प्रत्येक पावलाची दिशा काढून दोन कानांसाठी दोन तयार आवाज पाठवतो. हेडसेटचं सॉफ्टवेअर त्यांनाच पुन्हा ‘सराउंड’ करतं आणि आधीच्या खुणा पुसल्या जातात. या वर्गातल्या बहुतेक हेडसेटमध्ये दोन्ही बाजूंना एकेकच स्पीकर असतो. डब्यावरचं सेव्हन पॉइंट वन, म्हणजे चहूबाजूंच्या आठ स्पीकरचा दावा, ही सॉफ्टवेअरची करामत.

क्रम असा ठेवा. हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं सराउंड बंद. विंडोजमध्ये आउटपुट डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्पेशियल साउंड’ ऑफ. विंडोज सोनिक असो की डॉल्बी अ‍ॅटमॉस, दोन्ही नकोत. गेमच्या ऑडिओ टॅबमध्ये स्पीकर कॉन्फिगरेशन स्टिरिओ, एचआरटीएफ ऑन. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चुकून चालू नाही ना, तेही बघा. चालू असेल तर डावं-उजवंच संपलं. आणि हेडफोन उलटा घातलेला नाही याची खात्री करा. हसू नका, एल-आर अक्षरं पुसलेल्या इअरफोनवर हे सर्रास होतं.

आता समोर-मागेचं मूळ कारण. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांश इतकाच, पण मेंदूला तो पुरतो. अगदी समोरून किंवा अगदी मागून येणाऱ्या आवाजात हा फरक शून्य. मग उरतो तो कानाच्या पाळीच्या वळणांनी आवाजात केलेला बारीक बदल. एचआरटीएफ त्याचीच नक्कल करतं, पण एका सरासरी कानाची. तुमचा कान त्या मापाचा असेलच असं नाही, म्हणून एकाला ते लगेच जमतं आणि दुसऱ्याला सवय व्हायला वेळ लागतो. रोज चालू-बंद करत बसलात तर सवय होणारच नाही.

त्यावर हुकमी उपाय म्हणजे माउस. पावलं ऐकू येताच नजर जराशी, तीस अंशांपर्यंत, उजवीकडे वळवा. आवाज डाव्या कानाकडे सरकला तर शत्रू समोर, उजव्या कानाकडे सरकला तर मागे. खऱ्या आयुष्यात आपण मान वळवून हेच करतो. रेंजमध्ये, म्हणजे गेममधल्या सरावाच्या मैदानात, याचा सराव करता येत नाही, कारण तिथे तुमच्यामागे पळणारं कोणी नसतं. डेथमॅच लावा आणि मारण्यापेक्षा ऐकण्यासाठी खेळा.

वर-खालीचा प्रश्न मात्र सगळ्यात अवघड. ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या न्यूक मॅपवर बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी ए साइट वर आणि बी साइट खाली असते, तिथे भलेभले फसतात. तिथे कानापेक्षा पायाखालचा आवाज उपयोगी पडतो. लोखंडी शिडी, पत्रा आणि सिमेंट यांचे आवाज वेगळे असतात. कुठल्या जागी काय अंथरलंय हे पाठ केलं की मजला आपोआप कळतो.

भुसावळ : उन्हाळ्यात कूलरशिवाय बसताच येत नाही. त्याच्या घरघरीत पावलं दबतात, म्हणून आवाज फुल ठेवावा लागतो. मग ग्रेनेड फुटला की कान बधिर. टीममधले ओरडतात की माइकमधून कूलर येतोय.

पंचेचाळीस अंशांत कूलर बंद करा असं आम्ही सांगणार नाही. कूलरची घरघर जाड, खालच्या पट्टीतली असते आणि अशा आवाजाखाली त्याहून वरच्या पट्टीतले बारीक आवाज झाकले जातात. नुसता व्हॉल्यूम वाढवून पावलं वाढतात तसे स्फोटही वाढतात, म्हणून आधी बाहेरचा आवाज अडवा.

त्यासाठी कानात घट्ट बसणारे वायरवाले इन-इअर सगळ्यात स्वस्त आणि मस्त. सोबत तीन मापांचे रबरी टिप्स येतात. सगळे लावून बघा. बरोबर माप बसलं की घरघर एकदम मागे जाते आणि गाण्यातला बेस भरतो. बेस पातळ वाटला तर कुठून तरी हवा जातेय. फोमचे टिप्स आणखी चांगले, पण घामाने लवकर खराब होतात. मोठ्या स्पर्धांत खेळाडू आत इन-इअर घालून वरून मोठा हेडसेट चढवतात आणि त्यात सतत सळसळीचा आवाज सोडतात, तो प्रेक्षकांचा आरडाओरडा अडवण्यासाठी.

मग गेममध्ये संगीत शून्यावर आणा. मास्टर व्हॉल्यूम असा ठरवा : रेंजमध्ये जवळून रायफल झाडा, डोळे मिचकावले गेले तर आवाज जास्त आहे. इक्वलायझर वापरत असाल तर शंभर हर्ट्झच्या खालची पट्टी चार-पाच डेसिबलने उतरवा, म्हणजे स्फोटाचा धक्का कमी होतो. ‘काउंटर-स्ट्राइक 2’मध्ये इक्यू प्रोफाइल ‘क्रिस्प’ केलं की वरची पट्टी उठून दिसते, पण तासाभराने ते टोचतं. टोचलं तर ‘नॅचरल’वर या.

विंडोजमधलं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ अनेक जण सुचवतात. हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू होतो, पावलं नक्कीच स्पष्ट येतात. पण लांबचा आणि जवळचा माणूस सारखाच वाटू लागतो. अंतर चुकलं की भिंतीपलीकडच्या माणसासाठी तुम्ही नको तेव्हा वळता. कूलर चालू असताना लावायचंच असेल तर तिथली रिलीज टाइमची पट्टी ‘शॉर्ट’कडे न्या. हिवाळ्यात काढून टाका. ‘रेनबो सिक्स सीज’मध्ये हेच काम गेममधला ‘नाइट मोड’ करतो. तिथे विंडोजचं वेगळं नको.

माइकसाठी ‘पुश टू टॉक’ (बटण दाबलं तरच माइक चालू) लावा आणि माइकची पाठ कूलरकडे येईल असं बसा. एक छुपी अडचणही तपासा. विन अधिक आर दाबून ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ उघडा, कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. नाहीतर कॉल सुरू झाला असं समजून विंडोज बाकीचा आवाज ऐंशी टक्क्यांपर्यंत खाली ओढतं. डिस्कॉर्डमधलं ‘अ‍ॅटेन्युएशन’ही शून्यावर ठेवा, म्हणजे मित्र बोलायला लागला की पावलं गायब होणार नाहीत.

चाळीसगाव : मोबाइलवर बीजीएमआय खेळताना ब्लूटूथ इअरबड्स वापरतो. टीमचा माइक चालू केला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. बड्स खराब आहेत का?

बड्स ठणठणीत आहेत. गाणी ऐकताना ब्लूटूथ फक्त एका दिशेने, चांगल्या प्रतीचा स्टिरिओ आवाज पाठवतं. बड्सचा माइक लागला की ते फोन-कॉलच्या पद्धतीवर जातं : आवाज मोनो आणि नमुने सेकंदाला बहुधा फक्त 8 किंवा 16 हजार. मोनो म्हणजे दिशा गेलीच. शिवाय साध्या बड्समध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यात पळणारा खेळाडू मीटरभर पुढे गेलेला असतो. ‘गेमिंग मोड’ने हा उशीर कमी होतो, मोनोचं दुखणं तसंच राहतं.

वायरचा इअरफोन घ्या. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर ‘डॅक’ (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी) चिप असलेलाच मागा. चिप नसलेले स्वस्त अडॅप्टर मोजक्याच फोनवर चालतात आणि दुकानदार ते परत घेत नाही. मिनिमॅपवर, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा येतात, त्यांच्यावरही नजर ठेवा. खूण दिशा सांगते आणि किती जण आहेत ते कान सांगतो.

जळगाव : ‘व्हॅलोरंट’मध्ये स्पाइकच्या आवाजावरून वेळ ओळखता येते म्हणतात. कशी? आणि पळायचं कधी, चालायचं कधी?

स्पाइक, म्हणजे या गेममधला बॉम्ब, लावल्यापासून 45 सेकंदांनी फुटतो. पहिली 25 सेकंदं दर सेकंदाला एक टिक, पुढची 10 सेकंदं दोन, मग 5 सेकंदं चार आणि शेवटची 5 सेकंदं आठ. पूर्ण निकामी करायला 7 सेकंद लागतात, अर्ध्यावर म्हणजे साडेतीनला टप्पा जमा होतो. म्हणून चारची लय सुरू झाली तेव्हा हातात 10 सेकंद. तीनच्या आत बसला नाहीत तर पूर्ण होणार नाही. आठची लय सुरू झाल्यावर आधी अर्धा टप्पा झालेला असेल तरच हात लावा, नाहीतर सरळ पळा आणि बंदूक वाचवा. ‘काउंटर-स्ट्राइक 2’मध्ये बॉम्ब 40 सेकंदांचा; निकामी करायला किट असेल तर 5, नसेल तर 10 सेकंद. तिथे शेवटच्या दहा सेकंदांचं इशारा-संगीत असतं, त्याचा व्हॉल्यूम शून्य करू नका. बाकी संगीत बंद केलं तरी चालेल.

पळण्याचा आवाज किती लांब जातो, ते मिनिमॅपवर तुमच्याभोवतीच्या वर्तुळात दिसतं. शिफ्ट दाबून चाललात तर पावलं ऐकू जात नाहीत, पण रिलोड केलंत किंवा उंचावरून उडी मारलीत तर समोरच्याला कळतंच. सतत शिफ्ट धरणारे मात्र वेळ घालवतात. शत्रूला तुम्ही कुठे आहात हे माहीतच असेल तर पळा.

नंदुरबार : मुलगा सुट्टीत चार-पाच तास इअरफोन लावून खेळतो. रात्री कानात शिटी वाजते म्हणतो. काळजीचं आहे का?

ताई, दुर्लक्ष करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांना 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. मुलांसाठी 75 डेसिबलचीच मर्यादा धरतात. दर 3 डेसिबलला चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणजे 86 वर गेलं की मोठ्यांनाही दहाच तास उरतात. हातभर अंतरावरून तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललेलं त्याला इअरफोनमधून ऐकू येत नसेल तर आवाज बहुधा जास्त आहे. मात्र घट्ट बसणाऱ्या इन-इअरला ही चाचणी लागू नाही. फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूमची कमाल मर्यादा लावता येते, ती लावा. शिटी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी न्या, त्यात उशीर चालत नाही.

पाचोरा : हेडसेटला एकच गोल पिन, कॉम्प्युटरला दोन छिद्रं. माइक चालत नाही.

चार कड्यांची पिन आहे ती. एका बाजूला चार कड्यांचं छिद्र आणि दुसऱ्या बाजूला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असलेला स्प्लिटर घ्या. पिन पूर्ण आत जाऊ द्या. अर्धवट बसली की बोलणं गायब होतं आणि नुसता पोकळ आवाज उरतो. हेडफोनमध्ये हलकी घूंऽऽ येत असेल तर पुढच्या पॅनलऐवजी कॅबिनेटच्या मागचं छिद्र वापरून बघा. लॅपटॉपवर चार्जर काढताच घूं थांबली तर अर्थिंग तपासायला वायरमन बोलवा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका.