वाचकांचे प्रश्न : झडपेचा आजार आणि इकोच्या रिपोर्टमधले आकडे

प्रश्न : वडिलांचे वय ७४. त्यांना एओर्टिक स्टेनोसिस आहे, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली आहे. मागच्या टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पीक व्हेलॉसिटी, म्हणजे झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा सर्वाधिक वेग, ३.९ होती, या वेळी ३.७ आली. मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ३४, झडपेचे क्षेत्रफळ ०.९ आणि ईएफ (डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडते तो आकडा) ५५ टक्के. आजार कमी झाला असे समजायचे का? मग खाली ‘सिव्हियर’ (तीव्र) का लिहिले आहे?

उत्तर : आजार कमी झाला असे कृपया समजू नका. कॅल्शियम साचून कडक झालेली झडप आपोआप मोकळी होत नाही. वेग उतरलेला दिसतो तेव्हा एक तर मोजण्यात फरक पडलेला असतो, नाही तर झडपेतून जाणारे रक्तच कमी झालेले असते. दुसऱ्या शक्यतेकडे लक्ष द्यायला हवे.

आधी मोजपट्टी पाहू. निरोगी महाधमनी झडप उघडते तेव्हा ३ ते ४ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. आजार तीव्र मानण्याच्या खुणा तीन : वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, मीन ग्रेडियंट ४० मिमी पारा किंवा जास्त, क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये पहिले दोन आकडे ‘मध्यम’ म्हणतात आणि तिसरा ‘तीव्र’. असे बऱ्याच रुग्णांत होते. अशा वेळी आपल्याला बरा वाटणारा आकडा धरून घरी बसू नये, तिन्ही का जुळत नाहीत हे डॉक्टरांना विचारावे.

मोजणीत चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डॉप्लरचा, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या ध्वनिलहरींचा, किरण रक्ताच्या धारेला समांतर पडला नाही तर वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून छातीच्या एकाच बाजूने न मोजता उजव्या बाजूनेही मोजावा लागतो. क्षेत्रफळाची अडचण वेगळी. ते काढताना झडपेच्या खालच्या मार्गाचा व्यास लागतो, रिपोर्टमध्ये त्याला एलव्हीओटी म्हणतात, आणि या व्यासाचा वर्ग केला जातो. त्यामुळे बारीक चूकही मोठी होते. बाकी सगळे तेच ठेवून व्यास १.८ सेंमीऐवजी २ सेंमी धरला तर ०.९ चे क्षेत्रफळ १.१ होते आणि ‘तीव्र’चे ‘मध्यम’. दोन्ही रिपोर्टमधला एलव्हीओटी व्यास शेजारी ठेवून पाहा. प्रौढ माणसात तो सहा महिन्यांत बदलत नाही. बदललेला दिसला तर ती मोजणीची गोष्ट आहे.

व्यास सारखाच असेल तर स्ट्रोक व्हॉल्यूम इंडेक्स, म्हणजे शरीराच्या मानाने एका ठोक्याला पुढे जाणारे रक्त, हा आकडा शोधा. तो ३५ पेक्षा कमी असला तर प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जाते आहे. नळाचे तोंड बोटाने कितीही दाबा, मागून पाणीच कमी आले तर धार लांब जात नाही, तसे हे आहे. ईएफ ५५ असूनही हे घडू शकते, कारण भिंती जाड होऊन हृदयाच्या डाव्या कप्प्याची पोकळी लहान झालेली असते. तपासणीच्या वेळी रक्तदाब चढलेला असला तरी ग्रेडियंट कमी दिसतो. म्हणून रिपोर्टवर त्या वेळचा रक्तदाब लिहून घ्यावा.

अशा घोळात सीटी कॅल्शियम स्कोअरची, म्हणजे झडपेवर साचलेले कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनची, मोठी मदत होते. त्यात रंगद्रव्याचे इंजेक्शन लागत नाही. पुरुषांत २००० च्या वर आणि स्त्रियांत १२०० च्या वर आकडा आला तर आजार तीव्र असण्याची शक्यता दाट. वडिलांची चण लहान असेल तर डॉक्टर क्षेत्रफळ शरीराच्या मानानेही तपासतील.

आणि वडिलांना नीट विचारा. ‘दम लागतो का?’ याला उत्तर ‘नाही’ येते, कारण त्यांनी जिना चढणेच सोडलेले असते. वर्षापूर्वी जे जमत होते त्यातले आज काय सोडले, असे विचारा. श्रमाने छातीत दुखणे, धाप किंवा चक्कर येऊन पडणे, यांतले काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि ट्रेडमिल टेस्ट स्वतःच्या मनाने मुळीच करून घेऊ नका. तीव्र आजारात लक्षणे असताना ती धोक्याची ठरते.

प्रश्न : माझी मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) गळते. रिपोर्टवर ‘सिव्हियर एमआर’, म्हणजे या झडपेची तीव्र गळती, असे आहे, पण ईएफ ६२ टक्के आणि मला काहीच त्रास नाही. तरी डॉक्टर शस्त्रक्रियेचे बोलत आहेत. घाई होत नाही ना?

उत्तर : या आजारात ईएफ फसवे असते. डावा कप्पा आकुंचन पावताना काही रक्त पुढे महाधमनीत जाते आणि काही मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात. ईएफमध्ये दोन्ही धरले जाते, त्यामुळे थकत चाललेले हृदयही कागदावर दमदार दिसते. म्हणून झडपेचाच दोष असेल तर ईएफ उतरून ६० किंवा त्याहून कमी झाले की तो धोक्याचा इशारा मानतात. तुमचे ६२ त्याच्या अगदी जवळ आहे. सोबत एलव्हीईएसडी, म्हणजे आकुंचनानंतरचा डाव्या कप्प्याचा व्यास, पाहा. तो ४० मिमी किंवा जास्त झाला असेल तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात, कारण स्नायू एकदा सैल पडला की झडप दुरुस्त करूनही पूर्वीची ताकद परत येईलच असे नाही. गळती खरोखर तीव्र आहे का हे रिगर्जिटंट व्हॉल्यूम (एका ठोक्याला मागे गळणारे रक्त) ६० मिली किंवा जास्त आणि ईआरओ (गळतीच्या छिद्राचे क्षेत्रफळ) ०.४ चौरस सेंटिमीटर किंवा जास्त या खुणांवरून पडताळता येते. इकोमधल्या नुसत्या रंगीत चित्रावर विसंबू नये. झडप बदलण्याऐवजी दुरुस्त होईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. घशातून नळी घालून केलेल्या टीईई तपासणीत ते जास्त स्पष्ट दिसते.

प्रश्न : इकोच्या रिपोर्टवर ‘ट्रिव्हियल टीआर’ (ट्रायकस्पिड झडपेची किंचित गळती) लिहिले आहे. हीसुद्धा झडपेची बिघाडी का?

उत्तर : नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून किंचित गळती निरोगी माणसांतही दिसते. तिच्याच वेगावरून फुप्फुसातल्या रक्तवाहिनीचा दाब काढतात. रिपोर्टमधला पीएएसपी तो हाच.