संगणक-सल्ला : जुन्या संगणकावर लिनक्स

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. ऑफिसातला डेस्कटॉप जुना असून त्याला 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज 10 चे अपडेट बंद झाले आणि विंडोज 11 या मशीनवर चढत नाही. बिले, कोटेशन, मराठी पत्रे आणि गिऱ्हाइकांकडून येणारी जॉबची ड्रॉइंग पाहणे, एवढेच त्यावर काम चालते. सगळे पुसून लिनक्स टाकावे म्हणतो. ते कसे करावे आणि त्यात काय बिघडू शकते?
– एक वर्कशॉपचालक, कोल्हापूर

उत्तर : विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप व ठरावीक यादीतला प्रोसेसर लागत असल्यामुळे आपल्यासारखी अनेक धडधाकट मशीन अडून बसली आहेत. अशा मशीनवर लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली उत्तम चालते. प्रत्यक्ष टाकण्याचे काम फार वेळ खात नाही. खरी काळजी त्याआधी घ्यावी लागते.

आपल्या 4 जीबी रॅमसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिची रचना हलकी आहे, मेनू विंडोजच्या सवयीला जवळचा आहे आणि सध्याच्या 22 मालिकेला 2029 पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे 3 जीबीची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलमध्ये) उतरवून घ्या आणि तिथेच दिलेल्या एसएचए-256 बेरजेशी, म्हणजे फाइल पूर्ण व अचूक उतरली का हे ओळखण्याच्या सांकेतिक आकड्याशी, ती जुळते का, हे तपासा. हा टप्पा बहुतेक जण टाळतात आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे मध्येच अडकलेल्या इन्स्टॉलेशनचे खापर लिनक्सवर फुटते. त्यानंतर रुफस किंवा बलेना एचर यांपैकी एका प्रोग्रामने ती फाइल 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून पेस्ट केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हेही लक्षात असू द्या.

मशीन सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा असतो. डेल आणि लेनोव्होच्या मशीनवर ती बहुधा एफ-12, तर एचपीवर एफ-9 असते. आता पडद्यावर जे दिसते ते पेन ड्राइव्हवरूनच चालत असते आणि हार्ड डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. ‘इन्स्टॉल’च्या चिन्हावर लगेच क्लिक करण्याचा मोह आवरा आणि या अवस्थेत निदान तासभर आपले रोजचे काम करून पाहा. इंटरनेट चालते का, आवाज येतो का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर कागद काढतो का, हे पाहा. एचपी आणि एप्सनचे बरेचसे प्रिंटर आपोआप ओळखले जातात; पण कित्येक ऑफिसांत अजून टिकून असलेल्या कॅननच्या एलबीपी 2900 ला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे नवख्याचे काम नव्हे.

ड्रॉइंगच्या बाबतीत सांगायचे तर डीएक्सएफ प्रकारची ड्रॉइंग-फाइल लिब्रेकॅड या मोफत प्रोग्राममध्ये चांगली उघडते, ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी प्रकाराचा मात्र भरवसा धरू नका. गिऱ्हाइकाकडून पीडीएफ आणि डीएक्सएफ अशा दोन्ही प्रती मागवण्याची पद्धत पाडलीत तर प्रश्न मिटतो. बिले कशात करता, हे आपण लिहिलेले नाही. एक्सेलमध्ये करत असाल तर लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस-सॉफ्टवेअर पुरेसे आहे, फक्त मॅक्रो असतील तर ते आधी तपासावेत. विंडोजवरच चालणारे अकाउंटिंग सॉफ्टवेअर असेल, तर मात्र ते काम दुसऱ्या मशीनवर हलवल्याशिवाय सगळे पुसण्याचा विचार करू नका. असे सॉफ्टवेअर वाइन नावाच्या प्रोग्रामच्या आधाराने लिनक्सवर चालवण्याचे उपाय आहेत, पण हिशेबाच्या वह्या त्यावर सोपवाव्यात असे मला वाटत नाही.

आता डिस्क. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडून पुढे गेलात की परतीची वाट नाही, आणि या सगळ्या उद्योगात खरोखर घातक पायरी एवढीच आहे. म्हणून माझा आग्रह असा, की 240 जीबीची एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच वायरींना जोडता येणारी, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) विकत घ्यावी, जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी काढून ती बाजूला ठेवावी आणि लिनक्स नव्या एसएसडीवर टाकावे. जुना डेटा जिथल्या तिथे राहतो, चुकीची डिस्क पुसली जाण्याचा संभवच उरत नाही आणि मशीनचा वेगही अंगावर येण्याइतका वाढतो. जुन्याच डिस्कवर टाकायचे असेल तर डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोजमध्ये जी डिस्क सुमारे 465 जीबीची दिसत होती, तीच इथे 500 जीबीची दिसेल. मोजण्याची रीत वेगळी आहे, डिस्क तीच आहे.

मूळ भाग, होम, स्वॅप असे वेगवेगळे विभाग पाडण्याचे तक्ते आपल्याला जागोजागी सापडतील. एका ऑफिसच्या मशीनला त्यांची गरज नाही. संपूर्ण डिस्क वापरण्याचा तयार पर्याय घ्या, लागणारे विभाग तो स्वतः करतो. पुढचे प्रश्न भाषा, कीबोर्ड, वेळ-विभाग (तिथे कोलकाता निवडावे) आणि पासवर्ड एवढेच असतात. डिस्कवर लिनक्स चढत असताना वीज गेली तर सगळे पहिल्यापासून करावे लागते, तेव्हा यूपीएस असू द्या. पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा आणि टाइमशिफ्ट सुरू करून ठेवा, म्हणजे एखाद्या अपडेटने बिघाड केला तर मागच्या स्थितीला परतता येते. टाइमशिफ्ट प्रणालीच्या फाइली जपते, आपली बिले नव्हे. त्यांची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज 11 ठेवून शेजारी लिनक्स टाकता येईल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : येईल. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंट उघडून 60-70 जीबी जागा मोकळी करा, विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करा आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, कारण बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकते. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना बाहेरच्या कंपन्यांचे जादा ड्रायव्हर निवडलेत तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर तोच विचारला जातो. तिथे घाईने ‘कंटिन्यू’ केले की काही ड्रायव्हर, विशेषतः एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा, चालत नाही. नंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर घाबरू नका: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. स्थानिक वेळच ठेवण्याची सूचना लिनक्सला दिली की दोघांचे जुळते.

प्रश्न : जुनी मराठी पत्रे लिनक्सवर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइली खराब झाल्या का?
– एक निवृत्त लिपिक, मंगळवार पेठ

उत्तर : फाइली शाबूत आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी चिन्हे उघडी पडतात. आपल्याकडे परवान्यासह असलेली त्या फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवलीत की पत्रे पुन्हा वाचता येतील. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. त्यासाठी आयबस आणि एम-17-एन ही भारतीय भाषांत टंकनाची सोय देणारी पॅकेजे टाका. त्यांत मराठी इनस्क्रिप्ट आहे, आणि हात टाइपरायटरवर बसलेला असेल तर हिंदी भाषेखाली रेमिंग्टनची मांडणीही मिळते.