एफडीला दुसरा हप्ता कधीपासून लागायला लागला, काका?

जुळे सोलापूरच्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६२, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायचे, आता रिटायर. चार खोल्यांचं घर, वर उघडा स्लॅब. अमेरिकेतला पुतण्या म्हणे एका पेलेट स्टोव्हवर अख्खं घर गरम ठेवतो, फॅन लावून गरम हवा खोल्याखोल्यांत फिरवतो, मग आपण हॉलमध्ये एकच २ टनाचा एसी लावून गार हवा तशीच का नाही फिरवायची? फिटरनं पाइप, छोटे फॅन, पीओपी धरून १ लाख ४० हजार सांगितलेत. आणि अगदी शेवटी एक ओळ: "बँकेतल्या एफडीचा २ लाखांचा दुसरा हप्ता जूनमध्ये आहे, तो आधी भरू का एसी आधी करू?"

काका, एसी राहू द्या जरा बाजूला. एफडीला हप्ता नसतो. एकदा ठेवली की ठेवली. दरवर्षी २ लाख मागते ती विमा पॉलिसी, आणि तुम्ही सोबत पाठवलेल्या पत्रकाच्या फोटोत तेच आहे, फक्त बारीक अक्षरात. दहा वर्षं २-२ लाख भरायचे, बाराव्या वर्षाच्या शेवटी २७ लाख मिळणार. २० चे २७ झाले म्हणून तुम्ही खूश आहात पण पैसा सरासरी साडेसात वर्षं अडकतोय, म्हणजे व्याज पडलं जेमतेम ४ टक्के. पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये आज ८.२ टक्के आहेत आणि दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. साठीच्या माणसाला ती सोडून ही गळ्यात मारायची म्हणजे काय म्हणायचं आता.

बरं, हप्ता भरणार कुठून? तुमचेच आकडे घेतो. एफडी २२ लाख उरल्यात, ७ टक्क्यांनी वर्षाला दीड लाख. मागच्या खोलीचं भाडं ४८ हजार, पीएफची पेन्शन ३५ हजार. झाले २ लाख ३३. घरखर्च महिना १८ हजार, म्हणजे २ लाख १६. हातात राहतात १७ हजार आणि भरायचेत २ लाख! दरवर्षी एफडी मोडावी लागणार, मोडली की व्याज कमी, व्याज कमी म्हणून पुढच्या वर्षी अजून मोडायची. मी मांडून बघितलं, महागाई अजिबात न धरता शेवटचा हप्ता भरून होईपर्यंत २२ लाख जवळजवळ साफ होतात. आणि २७ लाख यायला तेव्हा अजून दोन-तीन वर्षं बाकी. त्या वर्षांत खाणार काय, शेंगाचटणी?

तुम्ही म्हणाल पहिले २ लाख बुडतील की. बुडू देत, सगळे बुडाले असं धरा. उरलेले नऊ हप्ते वर्षाला २-२ लाख असे साडेसात टक्क्यांनी दुसरीकडं टाकले तरी त्याच तारखेला ३० लाखांच्या आसपास जातात. म्हणजे २ लाख सोडून देऊनही तुम्ही ३ लाखांनी पुढं. आणि सगळे जातीलच असंही नाही, ऑक्टोबर २०२४ नंतरच्या अशा पॉलिसीत एक वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झालं की थोडी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळते. म्हणून घाईनं आत्ताच बंद करू नका, जूनमध्ये वर्ष पूर्ण होऊ द्या, दुसरा हप्ता भरू नका, आणि किती परत मिळणार ते कंपनीकडून लेखी घ्या. फोनवर "सर थोडं थांबा, बोनस आहे" सुरू होईल, ऐकू नका.

पॉलिसीचा बाँड अजून प्लास्टिकच्या पाकिटात आहे असं तुम्हीच लिहिलंय. हातात आल्यापासून ३० दिवसांत परत केला असता तर किरकोळ कापून बाकी पैसे आले असते, ती मुदत गेली. तरी एफडी सांगून पॉलिसी विकली अशी तक्रार कंपनीकडं लेखी करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या बीमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं जा, सोलापूर त्यांच्याकडंच येतं, फी नाही, वकील लागत नाही. जिंकालच असं मी म्हणत नाही, तुमची सही आहे त्यावर. पण पासबुकावर पॉलिसी विकणाऱ्या त्या पोरानं हातानं "एफडी" लिहून दिलंय म्हणता ना, ते पान जपून ठेवा.

आता एसी. पुतण्याचा स्टोव्ह लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळतो, त्यातनं चांगली कडक हवा निघते, आणि तिथंही लांबची बेडरूम गारच राहते बरं का. तिथले जाणकार छोटा फॅन गार खोलीच्या दारात जमिनीवर ठेवतात, तोंड स्टोव्हकडं. गार हवा जड, ती खालून स्टोव्हकडं ढकलली की गरम हवा वरून आपोआप खोलीत येते. तुमचा फिटर गार हवा छताजवळून नेतोय, मे महिन्यात तापलेल्या स्लॅबला चिकटून! पोचेपर्यंत कोमट. शिवाय खोलीतली हवा परत हॉलमध्ये यायला वाट ठेवलेली नाही, रात्री दार लावलं की फॅन नुसता घुमणार. २ टनाचा एसी आठ तास चालला की १५ युनिट, महिन्याला साडेचारशे, आणि ३०० च्या पुढं दर चढतो ते वेगळंच.

झोपायच्या खोलीत १ टनाचा इन्व्हर्टर एसी लावा, ३५-४० हजारांत बसतो. स्लॅबवर मार्चमध्येच चुना मारून घ्या. दिवसा हॉलमध्ये कूलर, आपली हवा कोरडी म्हणून बरा चालतो, फक्त पाणी चार-पाच दिवसांनी येतं तेव्हा टाकी बघून. वर्षाला उरणाऱ्या १७ हजारांतून हे लगेच निघणार नाही, थोडी एफडी मोडावी लागेल, पण फिटरच्या १ लाख ४० हजारांपेक्षा पुष्कळ कमी.