मागे उभा असलेला जुना बंब

प्रश्न : आमच्या घरासमोरच्या अग्निशमन केंद्रात दोन बंब आहेत. पुढचा सतत ये-जा करतो. मागचा जुना मात्र महिनोन्महिने जागचा हललेला नाही. वर्दी आली तरी तो निघत नाही. मग तो ठेवतात कशाला?

उत्तर : मी २८ वर्षं चालक-यंत्रचालक होतो. अशा राखीव गाड्या माझ्याकडे बरीच वर्षं होत्या. पुढची गाडी दुरुस्तीला गेली की तिचे होज (पाण्याच्या नळ्या), ब्रँच (नळीच्या टोकाचा फवारा), शिडी, श्वसनयंत्रं सगळं मागच्या गाडीवर चढवतात आणि तीच वर्दीला निघते. मोठ्या आगीत सुटीवरचे जवान बोलावले, तर त्यांनाही गाडी लागते. अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेची शिफारस आहे, की नीट सांभाळलेली गाडी १५ वर्षांची झाली की राखीव करावी.

पण ‘महिनोन्महिने हललेला नाही’ हे वाचून मला काळजी वाटली. उभी गाडी आतून खराब होते. बॅटरी उतरते, एअर ब्रेकच्या टाकीत पाणी साचतं, आणि पंपाचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीची हवा-पाणी अडवणारी भरण, वाळतं. वाळलेलं पॅकिंग बाहेरून कळत नाही.

एका रात्री मी राखीव गाडी घेऊन गेलो. इंजिन लगेच सुरू झालं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. टाकीत १८०० लिटर पाणी. एकाच नळीने मिनिटाला ४५० लिटर सोडलं तरी ते ४ मिनिटांत संपतं. मग तलावात सक्शन (पाणी ओढायची जाड नळी) टाकला, प्रायमर (पंपातली हवा बाहेर काढणारं यंत्र) लावला. पोकळी दाखवणाऱ्या गेजचा काटा थोडा चढे आणि परत खाली येई. ग्लँडमधून हवा शिरत होती. दुसरी गाडी येईपर्यंत जवान कोरडी नळी धरून उभे होते.

पंप कोरडाच ठेवून प्रायमरने २२ इंच पाऱ्याइतकी निर्वात पोकळी केली असती, तर हे आधीच कळलं असतं. प्रायमर बंद केल्यावर ५ मिनिटांत काटा १० इंचांहून जास्त उतरला, तर कुठेतरी गळती आहे. त्या रात्रीनंतर माझ्या ताब्यातल्या प्रत्येक राखीव गाडीचा पंप मी दर आठवड्याला पाणी ओढून चालवला.

तुम्ही समोरच राहता, तर केंद्रात जाऊन एवढंच विचारा : या गाडीच्या पंपाने शेवटचं पाणी कधी ओढलं? लॉगबुकात तारीख असायला हवी.